पहिल्या प्रकल्पाचा धनी कोण?

काशीतील दुर्गा घाट, ब्रह्मा घाट आणि पंचगंगा घाट हा पेशवाईपासूनचा मराठी वस्तीचा टापू. नाना फडणविसांचा वाडा याच परिसरात, गौड सारस्वतांच्या काशी मठाची वास्तूही ब्रह्मा घाटावर. दिल्लीहून सरकारी कामानिमित्त वाराणसीला गेलेला मराठी अधिकारी विश्वनाथाचे दर्शन आटोपले की बहुधा या गल्ल्यांत एक फेरी मारतो, जुन्या घरांच्या दारांवरची ओळखीची आडनावे वाचतो आणि घटकाभर घाटाच्या पायऱ्यांवर टेकून परततो. अलीकडे त्याला त्या पायऱ्यांवरून एक नवे दृश्य दिसू शकते. ११ डिसेंबर २०२५ रोजी खालच्या अंगाच्या नमो घाटावरून हायड्रोजनवर चालणारी देशातील पहिली प्रवासी नौका व्यावसायिक सेवेत दाखल झाली. पन्नास उतारू वाहून नेणारी ही चोवीस मीटर लांबीची नौका डिझेलचा धूर सोडत नाही. तिच्यातून बाहेर पडते ती पाण्याची वाफ. नमो घाटाकडून विश्वनाथ धामाकडे जाताना ब्रह्मा घाट तिच्या वाटेतच लागतो.

मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा एक धागा या नौकेत आहे. ती बांधली कोचीन शिपयार्ड या सार्वजनिक कंपनीने. पण तिच्यातील फ्युएल सेलचे, म्हणजे इंधनघटाचे, तंत्र पुण्याच्या केपीआयटी कंपनीचे आहे. या कंपनीने इंधनघटावर जे काम केले, ते पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि तमिळनाडूतील कराईकुडीची विद्युत-रासायनिक प्रयोगशाळा या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या संस्थांच्या सहकार्याने. २०२० मध्ये या घटावर मोटार चालवून पाहण्यात आली, २०२२ मध्ये पुण्यात बस दाखवण्यात आली आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नौकेचे जलावतरण झाले. पाषाणच्या प्रयोगशाळेतून निघालेले ज्ञान काशीच्या घाटाला लागले, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही.

तथापि याच घटनेची दुसरी बाजू राजधानीत धोरणे आखणाऱ्यांना विचार करायला लावणारी आहे. ज्या शहराच्या नदीत ही नौका फिरते, त्याच शहरात, अस्सीच्या पलीकडे, बनारस हिंदू विद्यापीठ आहे. तेथील भौतिकशास्त्र विभागात प्रा. ओंकारनाथ श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रोजनवर कित्येक दशके संशोधन केले. धातूंच्या मिश्रणात हायड्रोजन शोषून साठवायचा आणि लागेल तसा मोकळा करायचा, हे त्यांचे क्षेत्र. या गटाने हायड्रोजनवर धावणाऱ्या मोटारसायकली तयार केल्या, तीनचाकी वाहन चालवून दाखवले. श्रीवास्तव यांना १९८८ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली आणि एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या साथीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी आणि त्यांचे शोधनिबंध यांचे मोल मोठे आहे, याविषयी दुमत नाही. परंतु त्यांच्या मोटारसायकली गोदौलियाच्या गर्दीत कधी दिसल्या नाहीत. शहरातील विद्यापीठाचे तंत्र शहरातील रस्त्यावर आले नाही, आणि शहराला हायड्रोजन मिळाला तो पुणे आणि कोचीमार्गे.

हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. दोन्ही तंत्रे एक नाहीत, हेही खरे. बनारसच्या वाहनात हायड्रोजन इंजिनात जाळला जात होता, नौकेत त्यापासून वीज तयार होते. पण प्रश्न तंत्राच्या गुणवत्तेपुरता नाही. एक तंत्र प्रात्यक्षिकाच्या मांडवातच राहते आणि दुसरे प्रवाशांच्या तिकिटापर्यंत पोहोचते, यात फरक कोठे पडतो, हा खरा प्रश्न आहे. नौकेच्या बाबतीत उत्तर साधे आहे. तिला पहिला गिऱ्हाईक होता. केंद्रीय जहाजबांधणी खात्याने पैसा उभा केला, सरकारी गोदीने ती बांधण्याची जबाबदारी घेतली आणि अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाने ती चालवण्यासाठी स्वीकारली. ती बंद पडली असती तरी कोण्या प्राध्यापकाची ठेव बुडणार नव्हती. बनारसच्या मोटारसायकलीला असा धनी कधी लाभला नाही.

दिल्लीकरांच्या डोळ्यांसमोर घडलेले एक उदाहरण घेऊ. २००६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय हायड्रोजन ऊर्जा आराखडा तयार केला. त्यात २०२० पर्यंत देशाच्या रस्त्यांवर हायड्रोजनची दहा लाख वाहने आणण्याचे उद्दिष्ट होते. जानेवारी २०१२ मध्ये प्रगती मैदानावर, आयआयटी दिल्लीच्या संशोधकांच्या सहभागाने आणि संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेच्या मदतीने, हायड्रोजनवर चालणाऱ्या पंधरा तीनचाकी गाड्या दाखल झाल्या. गाड्या होत्या, त्यांच्यासाठी इंधन भरण्याची सोयही होती. पण मैदानाच्या फाटकाबाहेर त्यांना मागणी नव्हती. दहा लाखांचे उद्दिष्ट कागदावर राहिले आणि २०२० साल येऊन गेले. ४ जानेवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळाने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मान्यता दिली, तेव्हा आधीच्या आराखड्याचे काय झाले याची फारशी चर्चा झाली नाही. आपल्याकडे नवी योजना ही बहुधा जुन्या योजनेची सर्वांत सोयीची समाप्ती असते.

याच शहरात नैसर्गिक वायूवरील बस आणि रिक्षा मात्र धावू लागल्या. तंत्र काही जगावेगळे नव्हते. २८ जुलै १९९८ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील सारी बससेवा या वायूवर आणण्याची मुदत ठरवून दिली. टाळाटाळ झाली, पंपांवर रांगा लागल्या, मुदती वाढल्या. पण २००२ च्या अखेरीस शहराच्या बससेवेतून डिझेल बाद झाले. हुकूम आला म्हणून मागणी निर्माण झाली, मागणी आली म्हणून पंप आले आणि पंप आले म्हणून दुरुस्ती करणारे कारागीर तयार झाले. प्रयोगशाळेपासून रस्त्यापर्यंतचे अंतर कापण्यासाठी ही साखळी लागते आणि तिची पहिली कडी संशोधकाच्या हातात नसते.

काशीत याहून जुनी आणि अधिक वेदनादायी कहाणी घडलेली आहे. ती आहे सांडपाण्याची. १४ जून १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी गंगा कृती योजनेचा प्रारंभ वाराणसीतूनच केला. घाटांवर येणारे सांडपाणी अडवायचे, पंपांनी उचलायचे आणि शहराबाहेरच्या शुद्धीकरण केंद्रात न्यायचे, अशी तिची आखणी होती. घाटांवर पाच पंपगृहे झाली. त्यांतील शेवटचे त्रिलोचन घाटाचे, ब्रह्मा घाटापासून थोडेसेच पुढे. दीनापूर येथे दररोज आठ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले. पद्धत जगभर रुळलेली होती: मोठ्या टाक्यांत सतत हवा खेळवायची आणि जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची. ही पद्धत पूर्णपणे विजेवर चालणारी आणि उत्तर प्रदेशात त्या काळी वीज कोणत्या वेळी जाईल याचा नेम नव्हता. वीज गेली की पंप थांबत आणि सांडपाणी आपली जुनी वाट धरून गंगेला मिळे. पावसाळ्यात नदी चढली की घाटांवरची पंपगृहेच बंद ठेवावी लागत.

या आखणीतील दोष पहिल्यांदा ठामपणे मांडणारे गृहस्थ दुहेरी अधिकाराने बोलत होते. प्रा. वीरभद्र मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या तंत्रज्ञान संस्थेत जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक. सकाळी तुळशी घाटावर गंगास्नान करायचे आणि त्याच पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. १९८२ मध्ये त्यांनी संकटमोचन प्रतिष्ठान स्थापन केले. १९९० च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रा. विल्यम ऑस्वाल्ड यांच्याशी संधान बांधले आणि काशीसाठी पर्यायी योजना तयार केली. ऑस्वाल्ड यांनी सांडपाणी तळ्यांमध्ये शुद्ध करण्याच्या पद्धतीवर आयुष्य वेचले होते. पहिल्या खोल तळ्याच्या तळाशी गाळ कुजून त्याचा वायू होतो. दुसऱ्या उथळ तळ्यात पाणी संथपणे फिरते ठेवले की शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करते आणि यंत्राने हवा भरण्याची गरज राहत नाही. तिसऱ्यात शेवाळ खाली बसते आणि चौथ्यात ऊन व वेळ यांच्या जोरावर रोगजंतू मरतात. मिश्र यांच्या योजनेत घाटांलगत बंद वाहिनी टाकून सांडपाणी उताराने शहराखाली न्यायचे होते, म्हणजे घाटांवरच्या पंपांची गरजच उरली नसती.

वाराणसी महापालिकेने या योजनेची बाजू घेतली. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्थानिक स्वराज्य संस्थांना अधिकार देऊ केले होते. चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती जून १९९३ पासून अमलात आली होती. सांडपाणी शहराचे, तेव्हा पद्धत कोणती याचा निर्णयही शहराने घ्यावा, हा युक्तिवाद तर्कशुद्ध होता. पण पैसा दिल्लीचा, अंमलबजावणी लखनौच्या यंत्रणेची आणि त्या यंत्रणेची घडण पंप, टाक्या आणि निविदा यांच्या चौकटीत झालेली. योजना अडली. वर्षे गेली. गंगा कृती योजनेचा पहिला टप्पा मार्च २००० मध्ये संपल्याचे जाहीर झाले. ऑस्वाल्ड २००५ मध्ये वारले, मिश्र यांचे मार्च २०१३ मध्ये निधन झाले आणि त्यांनी जशी कल्पिली होती तशी योजना काशीने पाहिली नाही.

सरकारी बाजूचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे मानण्याचे कारण नाही. तळ्यांच्या पद्धतीला जमीन पुष्कळ लागते. गंगेकाठची जमीन पुराच्या पाण्यात जाते. एवढ्या मोठ्या शहरासाठी ही पद्धत भारतात कोणी वापरून पाहिली नव्हती. या शंका रास्त होत्या, पण त्यांचे उत्तर पत्रव्यवहारात मिळणे शक्य नव्हते. ते मिळण्याचा मार्ग एकच होता: शहराच्या एका भागापुरती लहान योजना उभारायची, पाच वर्षे पावसाळ्यासह चालवायची आणि आकडे सर्वांसमोर ठेवायचे. योजना फसली असती तर मिश्र यांचे म्हणणे निकालात निघाले असते, यशस्वी झाली असती तर देशातील अनेक शहरांचे वीजबिल वाचले असते. यांपैकी काहीच झाले नाही, कारण प्रयोगाची जबाबदारी घेणारा कोणी नव्हता. ज्या पद्धतीतील उणिवा ठाऊक होत्या ती चालू राहिली आणि जिच्यातील उणिवा ठाऊक नव्हत्या ती वर्षानुवर्षे फायलीत तपासली गेली.

याच्या उलट घडलेले उदाहरण याच गंगेच्या काठी, कानपूरला आहे. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन कृषी विद्यापीठात प्रा. खात्झे लेटिंगा यांच्या गटाने १९७० च्या दशकात हवेविना सांडपाणी शुद्ध करण्याची एक पद्धत विकसित केली. सांडपाणी खालून वर चढवायचे, वाटेत जिवाणूंच्या गाळाच्या थरातून जाऊ द्यायचे आणि वर आलेला वायू गोळा करायचा. हवा भरण्याचा खर्च नाही. गंगा कृती योजनेत डच सरकारच्या सहकार्याने कानपूरच्या जाजमऊ भागात दररोज पन्नास लाख लिटर क्षमतेचे प्रात्यक्षिक केंद्र उभारण्यात आले, पुढे मिर्झापूरला मोठे केंद्र झाले आणि यमुना कृती योजनेत हरियाणा व उत्तर प्रदेशातील अनेक शहरांत हीच पद्धत निवडली गेली. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी पुन्हा शुद्ध करावे लागते, थंडीत तिचा वेग मंदावतो, ही टीका नंतर झाली आणि ती योग्यही होती. पण टीका करण्यासाठी तरी समोर काहीतरी उभे होते. परदेशातील एका विद्यापीठाचे तंत्र आपल्या नद्यांच्या काठी रुजले, कारण त्या देशाच्या सरकारने पहिल्या केंद्राचे ओझे उचलले. आपल्या विद्यापीठाच्या प्राध्यापकामागे आपले सरकार तसे उभे राहिले नाही.

महाराष्ट्राला या बाबतीत फुशारकी मारण्याचे कारण आहे काय? काही अंशी आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, ज्याला जुनी पिढी अजूनही यूडीसीटी म्हणते, १९३३ मध्ये सुरू झाला आणि संशोधन उद्योगाच्या दारी नेण्याचा वस्तुपाठ त्याने घालून दिला. केकी घरडा आणि अंजी रेड्डी हे या विभागाचे विद्यार्थी. प्राध्यापक कारखान्यांना सल्ला देत, कारखान्यांतील अडचणी वर्गात येत आणि विद्यार्थी पुढे स्वतःचे कारखाने काढत. येथे ज्ञानाचे हस्तांतरण परवान्याच्या कागदाने जितके झाले, त्याहून कितीतरी अधिक माणसांच्या पायांनी झाले. मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. रंग, औषधे, कीटकनाशके यांचा गिऱ्हाईक खासगी उद्योग होता. ठाणे-बेलापूरपासून गुजरातपर्यंतचे कारखाने फायद्यासाठी नवे तंत्र विकत घ्यायला तयार होते.

हरित तंत्रज्ञानाची गोष्ट निराळी. शुद्ध झालेली नदी कोणी विकत घेत नाही. धूर कमी झाला म्हणून कोणाच्या खात्यात पैसे जमा होत नाहीत. सांडपाणी, कचरा, सार्वजनिक वाहतूक, रस्त्यावरचे दिवे, पाणीपुरवठा या साऱ्यांचा गिऱ्हाईक एकच, तो म्हणजे सरकार किंवा त्याची महापालिका. आयआयटी मुंबईत प्रा. एच. एस. शंकर यांच्या गटाने माती, जिवाणू आणि वनस्पती यांच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याचे तंत्र विकसित केले. नागपूरच्या नीरी संस्थेने पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून सांडपाणी गाळण्याची फायटोरिड पद्धत तयार केली. दोन्ही पद्धतींना वीज कमी लागते. दोन्ही परवान्यावर कंपन्यांकडे गेल्या आणि संस्थांच्या आवारांत, गृहसंकुलांत त्यांचा वापर झाला. म्हणजे जिथे निर्णय घेणारा आणि पैसे देणारा एकच होता, तिथे त्या पोहोचल्या. मोठ्या शहरांच्या मोठ्या निविदांत मात्र चित्र वेगळे आहे. तिथे पूर्वी तेवढ्याच क्षमतेची कामे केल्याचा दाखला मागितला जातो. पहिले काम मिळायला दुसरे काम केल्याचा पुरावा हवा, अशी ही अट आहे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण निविदेच्या पुस्तिकेत अशी मूर्तिमंत होते.

राजधानीत या प्रश्नाचे निदान बराच काळ वेगळेच केले गेले. विद्यापीठे पेटंट घेत नाहीत, म्हणून तंत्र बाहेर येत नाही, असे ते निदान. अमेरिकेने १९८० मध्ये बे-डोल कायदा करून सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना देऊ केली. त्याच धर्तीवर डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत विधेयक मांडण्यात आले. ते स्थायी समितीकडे गेले, त्यावर पुष्कळ टीका झाली आणि २०१४ मध्ये ते मागे घेण्यात आले. या विधेयकाच्या बाजूने व विरोधात बोलणारे दोघेही मालकीच्या प्रश्नात अडकले होते. पण ज्या वस्तूला गिऱ्हाईकच नाही, तिची मालकी कोणाची हा वाद फारसा फलदायी नसतो. ऑस्वाल्ड यांच्या तळ्यांची अडचण पेटंटची नव्हती. श्रीवास्तव यांच्या मोटारसायकलीचीही नव्हती.

आता राजधानीत पुन्हा मोठ्या आकड्यांचा मोसम आला आहे. संशोधन आणि विकासावरील आपला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो आहे, ही टीका सरकारने मनावर घेतली असे दिसते. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले; त्यासाठी पाच वर्षांत पन्नास हजार कोटी रुपये उभे राहावेत अशी अपेक्षा असून त्यातील मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. १ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधीला मंजुरी दिली. यातून खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचे, कमी किंवा शून्य व्याजाचे कर्ज मिळेल आणि तेही प्राथमिक अवस्था ओलांडलेल्या तंत्रांना. उद्देश स्तुत्य आहे. परंतु स्वस्त कर्ज हे विक्रेत्याला दिलेले बळ आहे, गिऱ्हाईक निर्माण करण्याचा उपाय नव्हे. महापालिकेच्या निविदेची अट तीच राहिली, तर शून्य व्याजाने घेतलेले कर्जही फेडायचे कशातून?

येथे आपल्या वाचकवर्गातील अधिकाऱ्यांची अडचण समजून घेतली पाहिजे. सर्वांत कमी बोली बाजूला सारून नवे तंत्र निवडणाऱ्याला लेखापरीक्षणाला तोंड द्यावे लागते. प्रयोग फसला तर सही करणाऱ्याची चौकशी होते आणि ती निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाही. प्रयोग केलाच नाही तर कोणाचीच चौकशी होत नाही. पंचवीस वर्षे नदीत सांडपाणी गेले, म्हणून एखाद्या सचिवाचे निवृत्तिवेतन अडल्याचे कोणी ऐकलेले नाही. अशा परिस्थितीत शहाणा अधिकारी काय करील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. त्याला दोष देण्यापेक्षा त्याच्या सहीला संरक्षण देणे अधिक उपयोगाचे आहे.

यासाठी नवा कायदा लागतोच असे नाही. केंद्रीय अर्थखात्याने २०१६ पासून नवोद्योगांना पूर्वानुभव आणि उलाढाल यांच्या अटींतून सूट देण्याची मुभा दिली आणि २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ती आली. ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनुसार ठरावीक कामांत किमतीबरोबर गुणवत्तेलाही तीस टक्क्यांपर्यंत वजन देता येते. नमामि गंगे कार्यक्रमात तर एक महत्त्वाची सुधारणा आधीच झालेली आहे. वाराणसीच्या रमणा येथील पाच कोटी लिटरच्या केंद्रासाठी वापरलेल्या पद्धतीत भांडवली खर्चाचा चाळीस टक्के भाग बांधकामाच्या काळात आणि उरलेला साठ टक्के पंधरा वर्षांत, केंद्र नीट चालले तरच, दिला जातो. पैसे बांधण्याचे नव्हे तर चालवण्याचे, हा विचार योग्य दिशेचा आहे. तथापि पंधरा वर्षांची जोखीम डोक्यावर घेणारा कंत्राटदार साहजिकच सर्वांत परिचित तंत्र निवडतो. चालवण्याची शिस्त या पद्धतीने आणली, नव्याची वाट तिने उघडलेली नाही.

ती उघडण्यासाठी तीन गोष्टी करण्यासारख्या आहेत. पहिली, प्रत्येक मोठ्या हरित अभियानातील एक लहान हिस्सा केवळ पहिल्या प्रकल्पांसाठी राखून ठेवावा. येथे पूर्वानुभवाची अट नसावी, अपयश गृहीत धरलेले असावे आणि ठरलेली कार्यपद्धती पाळणाऱ्या अधिकाऱ्याला निकालाबद्दल जाब विचारू नये. मात्र वीज, खर्च, गाळ आणि रोगजंतू यांचे आकडे दरमहा जाहीर करण्याचे बंधन असावे. फसलेल्या प्रकल्पाचा प्रामाणिक अहवाल हीसुद्धा सार्वजनिक मालमत्ता आहे.

दुसरी, पद्धत निवडताना बांधकामाच्या खर्चाऐवजी पंधरा वर्षांचा एकूण खर्च पाहावा आणि निवडीत महापालिकेचा शब्द वजनाचा असावा. वीजबिल आणि देखभाल शेवटी तिच्याच गळ्यात पडते. दिल्लीने पैसे द्यायचे, लखनौने किंवा मुंबईने बांधायचे आणि शहराने निस्तरायचे, या वाटणीत नवे तंत्र कोणालाच नको असते.

तिसरी गोष्ट खुद्द विद्यापीठांनी करायची आहे आणि तिला कोणाची परवानगी लागू नये. बनारस हिंदू विद्यापीठाचे आवार सुमारे तेराशे एकरांचे आहे. वसतिगृहे, भोजनालये, रुग्णालय, वाहने, सांडपाणी, कचरा असे सारे त्यात आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर येथील विद्यापीठेही लहान शहरेच होत. आपल्याच प्राध्यापकाचे तंत्र आपल्या आवारात चालवायला जे विद्यापीठ कचरते, त्याने महापालिकेच्या अनास्थेवर चर्चासत्र भरवू नये. आणि जो तरुण संशोधक दोन-तीन वर्षे शोधनिबंध बाजूला ठेवून असा प्रकल्प चालवील, त्याची बढती त्यामुळे अडणार नाही, एवढी काळजी कुलगुरूंनी घेतली तरी यूडीसीटीची जुनी परंपरा नव्या क्षेत्रात सुरू होऊ शकेल.

ब्रह्मा घाटाजवळच पंचगंगा घाट आहे. पैठणचे एकनाथ काशीत आले आणि त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची आपली मराठी टीका १५७३ मध्ये येथे पूर्ण केली. संस्कृतातले ज्ञान प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी प्रथम आक्षेप घेतला आणि मग त्याच ग्रंथाचा गौरव केला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. ज्ञान एका वर्तुळातून दुसऱ्या वर्तुळात न्यायचे म्हणजे आधी हरकत येणार, हे काशीला चारशे वर्षांपूर्वीही ठाऊक होते. फरक एवढाच की, त्या पंडितांनी ग्रंथ वाचून पाहिला आणि मग मत बदलले. वीरभद्र मिश्रांच्या योजनेची काशीतल्या उन्हापावसात तशी परीक्षा झालीच नाही. पुण्याचे तंत्र घेऊन घाटांवरून जाणारी नौका हा पहिला प्रकल्प आहे आणि तिला धनी मिळाला, म्हणून ती चालते आहे. तिच्या मागून आणखी किती येतील, याचा निर्णय प्रयोगशाळेत होणार नाही. तो या लेखाचे वाचक ज्या टेबलांवर बसतात, तेथे व्हायचा आहे.